नियम क्रमांक नऊ आणि माझी जीभ

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली आणि मामींची प्रकृती उत्तम असेल, आपला गुडघा कुरकुरत नसेल, अशी आशा करतो. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वस्तुस्थिती अशी की येत्या सोमवारी आमच्या रेडिओ केंद्रावर सरकारी तपासनीस येत आहेत. मुलांच्या कार्यक्रमाची आठवड्याला किमान दोनशे मिनिटं त्यांना नोंदवहीत दिसली नाहीत, तर परवाना गेला. परवाना गेला की केंद्र गेलं, आणि तुम्ही साहेबांकडे शब्द टाकून मिळवून दिलेली माझी नोकरीही गेली.

वास्तविक काळजीचं कारण नव्हतं. हा कार्यक्रम रोज सकाळी नऊला चाळीस मिनिटं असतो, सोमवार ते शनिवार, म्हणजे दोनशे चाळीस. पण या सोमवारी गोष्टी सांगणाऱ्या बाईंचा घसा बसला (ऐन राक्षस ओरडतो त्या जागी) आणि त्या पाणी प्यायला गेल्या त्या सात मिनिटं आल्याच नाहीत. तीस सेकंदांहून जास्त शांतता चालत नाही, हाही नियमच. मी माइक पुढे ओढला. मुलांना सांगण्याजोगं काही सुचेना, म्हणून सलूनवाल्याने आदल्या दिवशी माझे केस कसे कापले ते सांगितलं. उजवीकडून मी सभ्य दिसतो आणि डावीकडून फरारी, असं काहीबाही बोललो.

इथवरही ठीक होतं. आमच्या नोंदवहीत प्रत्येक मिनिटापुढे खूण करायला चार रकाने आहेत: माहिती, मनोरंजन, सूचना, टीका. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाने मनोरंजनावर खूण केली असती. मी इमानदारीने टीकेवर केली. एकदा टीका म्हटलं की नियम क्रमांक नऊ लागतो: ज्याच्यावर टीका झाली त्याला दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, तितकीच मिनिटं. तसं पत्रही मी सलूनवाल्याला स्वतः नेऊन दिलं. (दिलं नसतं तर त्याला पत्ताही लागला नसता, त्याच्या दुकानातला रेडिओ कधीचा बंद पडलाय.) केंद्रप्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी म्हटलं, "नियमाने." त्यानंतर त्या माझ्याशी फक्त चिठ्ठीतून बोलतात.

मंगळवारी सलूनवाला आला. त्याने सांगितलं की दोष त्याच्या हाताचा नाही; शेजारच्या शिंप्याचं यंत्र सुरू झालं की भिंत हादरते आणि कात्री सरकते. झाली शिंप्यावर टीका. बुधवारी शिंपी म्हणाला, भिंतच पोकळ आहे, घरमालकीणबाईंना विचारा. गुरुवारी घरमालकीणबाई आल्या, त्याही लेखी भाषण घेऊन. भिंत पोकळ नाही, वर राहणारा रेडिओवाला इतक्या मोठ्याने बोलतो की कुठलीही भिंत हादरेल. वर राहणारा रेडिओवाला म्हणजे मी. तेव्हा आज शुक्रवारी उत्तर द्यायची पाळी माझी होती. नोंदवहीत खुणा मीच करतो, त्यामुळे मी मलाच रीतसर पत्र दिलं आणि पोच घेतली.

एव्हाना सात पाचा पस्तीस मिनिटं मुलांच्या वाट्यातून गेली आहेत. उरली दोनशे पाच. उद्या शनिवारी सहावं कोणी बोललं की सात सक बेचाळीस, आणि आम्ही दोन मिनिटांनी बुडालो. म्हणून आज मी ठरवून गेलो होतो की गावातल्या कोणालाही बोट लावायचं नाही. "मला उत्तर द्यायचं नाही" एवढं म्हणून उठलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण समोर माइक असला की मला गप्प बसवत नाही, हे मी आता स्वतःपुरतं मान्य केलंय. सातही मिनिटं बोललो. लाजही वाटते, पण बोलणं रंगलं होतं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक (निदान नियमांचा तरी) भाचा

ता. क. माझा आवाज मोठा आहे तो वारशाने आलाय, एवढंच मी म्हणालो. कोणाकडून, हे सांगताना आपला उल्लेख आला. आपण गेल्या वर्षी लग्नात मंगलाष्टकं म्हणायला माइक नको म्हणालात आणि मग शेजारच्या मांडवातल्या वधूने मान वळवली, तोही प्रसंग ओघात आला. आपल्याइतका सोशिक माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही, म्हणूनच धीर झाला. आपण नऊला फिरायला जाता, तेव्हा ऐकलं नसेल. सोबत छापील अर्ज आहे: "मला उत्तर द्यायचे नाही." त्यावर सही करून पत्र आणणाऱ्या बस कंडक्टरकडेच परत द्यावा. फोनवर हे सांगायला जीभ रेटली नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना मामींचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकलंय. त्या रागावलेल्या नाहीत. त्यांना उत्तर द्यायचं नाही, भर घालायची आहे; उद्या नऊला येतात. भर घालायला कोणालाही वेळ देता येत नाही, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी त्यांना "या" म्हणालो. नियम तेवढा त्यांना तुम्ही सांगा. सही मागाहून आली तरी चालेल.