चारही कोपरे शाबूत

प्रिय सूनबाई,

रविवारी फोनवर तू विचारलंस, बाबा, बाग कशी आहे, आणि मी म्हणालो, ठीक आहे. तेवढ्यात तुझ्या नवऱ्याने फोन घेतला आणि आमचं औषधं, गॅस, घरपट्टी असं सुरू झालं. "ठीक आहे" हे काही उत्तर नव्हे, हे मला कळतं. पण फोन कानाला लावला की माझं बोलणं दोन शब्दांत आटपतं. आयुष्यभर पुलांचे आणि गटारांचे नकाशे काढले. नकाशात जे काही लिहायचं ते खालच्या बाजूला, बारीक अक्षरात, आणि कामापुरतं. तीच सवय राहिली. म्हणून आज मुद्दाम कागद घेऊन बसलो आहे. माझं अक्षर तरी तुला नक्की वाचता येईल.

तर बाग. काकडीने कुंपण ओलांडलं आहे आणि शेजारच्या टेलरबाईंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर बस्तान बसवलं आहे. मी वेल काढून घेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "असू द्या हो, गिऱ्हाइकाच्या शर्टाशेजारी काकडी लोंबते, तेवढीच दुकानाची जाहिरात." टोमॅटो इतके आले आहेत की काठ्या कमी पडल्या, शेवटी माझी जुनी लांब पट्टी एका रोपाला बांधली. ऑफिसातल्या लोकांनी निरोपाच्या वेळी दिलेली, तीच. मापं घ्यायची पट्टी टोमॅटोला टेकू देते आहे, हे हिने पाहिलं असतं तर म्हणाली असती, चला, एकदाची कामाला आली.

मी अजून "ही" म्हणतो. ही असती तर, ही म्हणाली असती. जणू तुझ्या सासूबाई आत स्वयंपाकघरात आहेत आणि मी बाहेर बसून कोणाशी तरी त्यांच्याबद्दल बोलतो आहे. सवय मोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तुला चालेल असं वाटतं.

बियाण्यांचा कॅटलॉग आला की आमच्या घरात काय व्हायचं ते तू पाहिलं आहेस, पण सगळं पाहिलं नसशील. लोक पहिल्या पानापासून बघतात. ही शेवटच्या पानापासून. पुढची पानं म्हणजे नुसते फोटो, ती म्हणायची, तिथे टोमॅटोला पावडर लावून बसवलेला असतो. खरा माल मागे, जिथे फोटो नसतो आणि अक्षरं मुंगीएवढी असतात. गेल्या हंगामातला उरलेला साठा, निम्म्या किमतीत. तीन पाकिटांवर एक फुकट असेल तर फुकटचं कुठलं ते आधी ठरवायचं आणि मग बाकीची तीन. "संपूर्ण बाग एका खोक्यात" असलं काही दिसलं की पान उलटायचं, कारण त्या खोक्यात निम्मं आपल्याला नको असलेलं. आणि दोन कंपन्यांची तुलना पाकिटावरून करायची नाही, ग्रॅमवरून करायची, कारण पाकीट केवढंही मोठं छापता येतं. कांद्याचं बी मात्र तिने कधी जुनं घेतलं नाही. कांदा वर्षभरात मरतो, टोमॅटो काकडी चार वर्षं वाट बघतात, हे तिचं शास्त्र होतं. मग टपालखर्च माफ होईल एवढी रक्कम भरेपर्यंत ती गल्लीत फिरायची. टेलरबाईंचं एक पाकीट, सलूनवाल्याचं एक. सलूनवाल्याकडे तर कुंडीसुद्धा नव्हती. तीही हिनेच दिली.

माझं काम दोन गोष्टींपुरतं. ऑर्डरचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरणं, आणि बी पेरायच्या दिवशी सुतळी ताणून वाफ्यात सरळ रेघा आखणं. पेरायला तिने मला कधी दिलं नाही. म्हणायची, तुम्ही प्रत्येक बी मोजून टाकाल, तोवर हंगाम संपेल.

त्या निम्म्या किमतीच्या पाकिटांची एक खूण असते. कोणा दुकानदाराने ती नेऊन पुन्हा पूर्ण भावाने विकू नयेत म्हणून कंपनी प्रत्येक पाकिटाचा खालचा एक कोपरा कापून टाकते. पेरून झालं की ही रिकामं पाकीट ओळीच्या टोकाला काठीवर उलटं घालायची, वर प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे कुठे काय लावलं ते कळावं. त्यामुळे आमच्या बागेत इतकी वर्षं कान कापलेल्या पाकिटांची रांग उभी असायची. जुनं बी निम्मंच उगवतं असं धरून ती दुप्पट दाट पेरायची. हा तिचा नियम लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तू तिच्यासाठी मोठ्या दुकानातून बियांचा तो पत्र्याचा डबा आणला होतास. झाकणावर फुलांची नक्षी, आत बारा रेशमी पिशव्या. तिने आधी डबा उलटा करून किमतीची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "अगं, पैसे काय झाडाला लागतात?" सगळे हसले. तूही हसलीस, पण तुझे कान लाल झाले होते ते मी पाहिलं. तुला ती गोष्ट लागली असेल. तिने तुला कधी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. तिची सगळी पाकिटं, आधी ती बिस्किटांच्या पुड्यात ठेवायची, त्या वर्षापासून शेवटपर्यंत तुझ्या डब्यात राहिली. दुसऱ्या कोणाला ती त्या डब्याला हात लावू देत नसे. कोणी पाहुणी आली की डबा काढून दाखवायची आणि किंमत सांगायची, वर थोडी वाढवूनच.

ती गेली तेव्हा थंडी नुकती पडायला लागली होती. हॉस्पिटलमध्ये उशाशी कॅटलॉग होताच, तू पाहिलास. ती गेल्यावर मला मागचं दार उघडवत नसे. वाफ्यांत तण माजलं. तुझ्या नवऱ्याने फोनवर सुचवलं, बाबा, फरशी घालून टाका, खुर्ची टाकून बसता तरी येईल. तो काळजीनेच बोलला. मलाही पटलं. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता, तूही ऐकत होतीस. गवंडी आला, फीत टाकून माप घेतलं, म्हणाला, "काका, दोन दिवसांचं काम. मग जन्मभर डोक्याला ताप नाही." मी हो म्हटलं. सिमेंटची पोती कुठे ठेवायची तेही ठरलं होतं.

आणि त्याच आठवड्यात पार्सल आलं. हिच्या नावाचं. कुरियरवाल्याने नाव वाचून विचारलं, "मॅडम आहेत का घरात?" मी म्हटलं, द्या माझ्याकडे, आणि सही केली. आत बियांची पाकिटं. मी खुर्ची ओढून बसलो. ही दर वर्षी आगाऊ नोंदणीची सवलत सोडत नसे. मला वाटलं, आजारपणातच तिने कोणा नर्सकरवी ऑर्डर पाठवली असणार आणि पेरणीच्या वेळेला माल आला. तिच्या स्वभावाला ते धरूनच होतं. मरणाच्या दारातही सवलतीची तारीख तिने चुकवली नसती.

पाकिटांत टोमॅटो, काकडी, मुळा, सूर्यफूल होतं. आणि बीट होतं. तुला माहीत आहे, मला बीट फार आवडतं आणि हिला ते डोळ्यांसमोर नको असे. मी दर वर्षी फॉर्म भरताना विचारायचो, एक पाकीट बीट लिहू का? तिचं ठरलेलं उत्तर, "मातीच खायची असेल तर वाफ्यातली खा, फुकट आहे." इतक्या वर्षांत या घरात बीट उगवलं नाही. आणि आता तिने जाता जाता माझ्यासाठी बीट मागवलं, असं मला वाटलं. मी गवंड्याला फोन करून सांगितलं, आत्ता नको, थोडं थांबू. दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं, तण काढलं, सुतळी ताणली, आणि पहिल्यांदा स्वतः बी पेरलं. मोजलं नाही. तिच्या नियमाप्रमाणे दुप्पट दाट टाकलं, जुनं बी ना. पाकिटं काठ्यांवर उलटी घातली. चष्मा सारखा पुसावा लागत होता, त्यामुळे पाकिटांकडे नीट पाहिलं नाही.

मग जे उगवलं ते काय सांगू. सगळंच्या सगळं उगवलं. सिनेमाच्या तिकिटाला गर्दी व्हावी तशी रोपं एकमेकांच्या खांद्यावर. बिटाचं तर मला ठाऊकच नव्हतं, त्याच्या एका बीतून दोन-तीन रोपं निघतात. मी गोंधळलो. जुनं बी असं वागत नाही. विरळणी किती अंतरावर करायची ते पाकिटावर वाचायला वाकलो, आणि कोपरा दिसला. नीट, टोकदार, न कापलेला. पुढच्या काठीचा पाहिला, तोही तसाच. सगळ्या रांगेत एकाही पाकिटाचा कान कापलेला नव्हता. सगळा माल नवा, पूर्ण किमतीचा.

सूनबाई, तुझ्या सासूबाईंनी जन्मात चारही कोपरे शाबूत असलेलं टोमॅटोचं पाकीट घेतलं नाही. आजारपणातही घेतलं नसतं. तेव्हा हे तिने मागवलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर दोन-तीन दिवस मला वाईट वाटलं. म्हणजे बिटाच्या बाबतीत ती शेवटपर्यंत बधली नव्हती तर. वाफ्याकडे गेलो नाही. मग हळूहळू आठवलं. दिवस झाल्यावर तुम्ही परत निघालात तेव्हा तू विचारलं होतंस, बाबा, हा जुना कॅटलॉग नेऊ का, तुमच्या छोट्या नातीला चित्रं कापायला होईल. त्याच्या मागच्या पानावर हिचं नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक चिकटवलेला असतो. आणि मला बीट आवडतं हे माहीत असलेले या जगात आता किती जण आहेत? तुमच्याकडे आलो की तू माझ्या ताटात बिटाच्या दोन फोडी जास्त वाढतेस. मी वाफ्यात एकटाच उभा होतो आणि मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते.

तू हे मला फसवायला केलंस असं मला वाटत नाही. कंपनी ज्याचा क्रमांक त्याच्याच नावाने माल पाठवते, तेवढंच असेल. आणि मुद्दाम केलं असलंस तरी योग्य केलंस. तुझ्या नावाने पार्सल आलं असतं तर मी फोनवर "मिळालं" म्हणालो असतो आणि ते फडताळात ठेवलं असतं, आणि आज मागे फरशी असती. त्यानंतर इतके रविवार गेले, तू एकदाही विचारलं नाहीस की पार्सल आलं का. फक्त बाग कशी आहे एवढंच विचारत राहिलीस. आणि मी ठीक आहे म्हणत राहिलो.

जास्तीची रोपं फेकवेनात. वर्तमानपत्राचे द्रोण करून गल्लीत वाटली. टेलरबाईंनी घेतली, सलूनवाल्याने घेतली. ज्यांच्याशी मी इतकी वर्षं फक्त मान हलवली होती त्यांनी घरात बोलावून चहा दिला आणि हिच्या आठवणी सांगितल्या. काही मला नव्या होत्या. गवंडीसुद्धा येऊन टोमॅटोची रोपं घेऊन गेला. म्हणाला, "काका, फरशीचं काम गेलं ते गेलं, वर आता घरी मलाच पाणी घालावं लागतंय." काल पहिलं बीट उपटलं. उकडलं, सोललं, हात मनगटापर्यंत लाल झाले. मातीची चव असते, हिचं अगदीच चुकीचं नव्हतं. उभ्यानेच सगळं खाल्लं.

आता मुद्द्याचं. यंदाचा कॅटलॉग कालच आला आहे, हिच्याच नावाने. मी शेवटच्या पानापासून वाचला. सवलतीची तारीख महिनाअखेरची आहे. टेलरबाई, सलूनवाला आणि गवंडी या तिघांची मागणी मी लिहून घेतली, तरी टपालखर्च माफ होण्याइतकी रक्कम भरत नाही. थोडीच कमी पडते. तुमच्या बाल्कनीत ऊन कुठल्या बाजूने येतं आणि छोटीला काय लावायचं आहे ते मला कळव, फॉर्म मी भरतो. यापुढे दर वर्षी आपण दोघांनी मिळून मागवायचं, असं माझ्या मनात आहे. पार्सल इथेच येईल, म्हणजे तुमची वाटणी न्यायला तुम्हाला यावं लागेल. तुझा डबा मी पुसून ठेवला आहे. कांदा सोडला तर बाकी सगळं कोपरा कापलेलंच घेऊ, नाहीतर ही मला स्वस्थ बसू देणार नाही. फक्त बिटाचं एक पाकीट पूर्ण किमतीचं घेऊ. त्यावर ती काय म्हणायची ते म्हणू दे.

तुझाच,
निम्म्या ऑर्डरचा भागीदार,
बाबा