आदोबाचा डावा पाय

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१६ जानेवारी १९९४

ती. मैनाताईस,

आनंदाचा साष्टांग नमस्कार. संक्रांत परवाच झाली, म्हणून पाकिटात चार दाणे हलवा घातलाय. पोस्टात चुरा झाला असेल तर चिमटीने खा, पण खा. इकडे सगळं ठीक. तळोज्याच्या कारखान्यांकडचा वारा सुटला की खिडक्या लावून बसतो, बाकी तक्रार नाही. दाजींचा दमा कसा आहे?

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, 'कसा हायेस' नाही, नुसती एक झेरॉक्स! पण पत्त्याच्या ओळी चढणीला लागल्यासारख्या वर वर गेलेल्या. तुझ्याशिवाय असं कोण लिहितं? बारा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि मी साठीचा बाप्या जेवता जेवता रडलो. पद्मजाला वाटलं, कोणीतरी गेलं.

कागद कुठला ते लगेच कळलं. तुमच्या मठातला, आदोबाचा. तुझ्या सासऱ्यांनी, बळीरामबुवांनी, ब्याऐंशीच्या उत्सवात माझ्यासमोर धरला होता तोच.

त्या दिवशी काय भाषण ठोकलं होतं मी! इतिहासाचा मास्तर ना! आदोबाची पोथी त्याच्यामागून साठ-सत्तर वर्षांनी लिहिलेली, तिच्यात तो उंचापुरा, तेजस्वी, समुद्रावरून चालणारा. पोथीबाहेर त्याचं नावही कुठे नाही. तेव्हा तुमच्या पंथाचा हा मूळपुरुष जन्मालाच आला नाही, असं शाळेतल्या व्यासपीठावरून भर उत्सवात सांगून मोकळा झालो. वर तुमच्या भोयांची नक्कलही केली. पालखी उठली की ते पहिली सात पावलं डावा पाय ओढत चालतात ना, का म्हणून विचारलं तर 'रीत हाय' एवढंच सांगतात, तसा मी व्यासपीठावर चालून दाखवला. पोरं हसली. तू उठून गेलीस.

मग बुवांनी कागद पुढे केला. मी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणालो, "बनावट आहे." माझा चष्मा तेव्हा जुना होता. उजेडही कमी होता.

चष्म्याचं सोड. काल रात्री हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, आज पुन्हा घेतलं. ताई, मला मोडी वाचता येत नव्हती. एक ओळसुद्धा नाही. एवढ्या लोकांसमोर 'येत नाही' म्हणायची लाज वाटली, म्हणून बनावट म्हणालो. बुवांनी कागद पुन्हा फडक्यात गुंडाळला. म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हनता तं खरा नसंल." पुढच्या वर्षी ते गेले. मी तेराव्यालाही आलो नाही. कुठल्या तोंडाने येणार होतो?

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं पाटी गिरवून मोडी शिकलो. कशासाठी, ते पद्मजालाही सांगितलं नव्हतं.

आता ऐक, आणि हसायचं नाही. ज्या कागदाला तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहताय, ती तक्रार आहे! मिठागराच्या मुकादमाने अंमलदाराला लिहिलेली, पेशवाईच्या अखेरच्या काळातली. त्यात म्हटलंय, आदू नावाचा मजूर, डाव्या पायाने अधू, स्वतः अळणी खातो, पौष अवसेला कोणाला मिठागरात उतरू देत नाही, म्हणतो खाराने भेगाळलेल्या पायांना एक दिवस विसावा द्या. तरी याचा बंदोबस्त व्हावा.

डाव्या पायाने अधू! मी तीनदा वाचलं. पोथीत हे नाही. भक्ताने खोटा कागद केला असता तर आपल्या देवाला लंगडा केला असता का? आणि मुकादमाला तर तो नकोच होता, तो कशाला नसलेला माणूस पैदा करील? पण तुमच्या भोयांचे पाय मात्र ते धरून बसलेत. कागद वाचता येणारा गावात कोणी उरला नाही, तरी पाय विसरले नाहीत. उत्सवाचा अळणी प्रसादही त्यातलाच.

मास्तर आहे, तेव्हा कुरकुर करणारच. आदू नावाचे मजूर दोन असू शकतात. झेरॉक्सवरून कागदाचं वय कळत नाही, मूळ कागद उन्हात धरून पाहावा लागेल. समुद्रावरून चालल्याचं तर मी मेलो तरी मानणार नाही. पण असा एक माणूस तुमच्या खाडीकाठी होऊन गेला, याकडे माझं पारडं आता चांगलंच झुकलंय. खरं सांगू? पोथीतल्या तेजस्वी आदोबापेक्षा हा लंगडा आदू मला फार आवडला.

पद्मजा म्हणते, "अर्ध्या तासाच्या गव्हाणला पत्र कसलं लिहिताय? उरणची एसटी धरा आणि जा!" पण न विचारता तुझा उंबरा ओलांडायची हिंमत नाही. दहा फेब्रुवारीला पौष अवस आहे. त्याच शाळेत, त्याच व्यासपीठावर उभं राहून मला बुवांचं नाव घेऊन सांगायचंय की कागदात खोट आढळली नाही, खोट मास्तरात होती. त्याआधी तुझ्या अंगणात बसून तो कागद बघू दे. नको म्हणालीस तरी हे सगळं लिहून मठाकडे पाठवीन, पण तू नको म्हणू नकोस गं. मिठागराच्या बांधावरून मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारी तू. तिथे शिकून मी हे दिवे लावले.

आणखी एक मागतो. पालखीला एकदा खांदा देऊ द्या. माझा डावा गुडघा गेल्या वर्षापासून धरलाय. पहिली सात पावलं मला कोणी शिकवायला नको.

अळणी जेवायला पाट मांडशील या आशेवर,
तुझाच धाकटा
आनंदा