असं कोणीही म्हणेल

४ नोव्हेंबर

आले एकदाची. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. शिलाई मशीन खिडकीशी लावल्यावरही पाय पसरायला जागा उरते. घरमालकीण काकूंनी आल्या आल्या चहा दिला आणि गल्लीचं कौतुक सुरू केलं. इथे चोरी म्हणून होत नाही. सायकलींना कुलूप लागत नाही, दोरीवरचे कपडे दोन दिवस राहिले तरी कोणी हात लावत नाही. बाकीच्या शहरात काय चाललंय ते पेपरात वाचायचं आणि इथे दार उघडं टाकून झोपायचं, असं त्या म्हणाल्या.

मग दारामागच्या खिळ्याला टांगलेली पितळी शिट्टी दाखवली. प्रत्येक घरात एक असते. अनोळखी माणूस दिसला की वाजवायची. ज्याला ऐकू येईल त्यानेही वाजवायची आणि हाताला लागेल ते घेऊन खाली उतरायचं. फारच छान सोय आहे, मी म्हटलं. हसलेसुद्धा.

आईला फोन केला. निघताना तिच्या हिरव्या स्वेटरच्या कोपराला निळं ठिगळ लावून दिलं होतं, ते नीट बसलं का विचारलं. ती म्हणाली, ठिगळाचं मरू दे, तू परत ये.

७ नोव्हेंबर

काकूंच्या गाऊनची उसवलेली बाही शिवत होते, तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. मागच्या वर्षी भर दुपारी गल्लीने एक चोर पकडला. समोरच्या इमारतीत एका दाराला किल्ली लावून बघत होता. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानवाल्या काकांनी त्याला पाहून पहिली शिट्टी मारली आणि सगळी गल्ली उतरली. त्याला ओढत विजेच्या खांबापाशी आणलं. प्रत्येकाने एकच फटका मारला, म्हणजे कोणा एकावर नाव येत नाही. तो तिथेच गेला. पोलीस आले, चौकशी करून गेले.

"सारखं आपलं, मी इथेच राहतो, मी इथेच राहतो," काकू सुई-दोऱ्याकडे बघत म्हणाल्या. "असं कोणीही म्हणेल."

तो खरंच तिथे राहत होता. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर नुकताच लागला होता, खोलीही नुकतीच घेतली होती. मजले सगळे सारखे, म्हणून एक मजला चुकला. ते नंतर कळलं म्हणे, वाईटही वाटलं सगळ्यांना, पण झालं ते झालं.

तो माझा धाकटा भाऊ. काकूंना हे माहीत नाही. मी बाही पुरी केली आणि एकही टाका वाकडा घातला नाही. पहिली शिट्टी कोणाची, एवढं कळावं म्हणूनच तर ही खोली घेतली होती.

१० नोव्हेंबर

कपडे कापायची मोठी कात्री येतानाच धार लावून आणली आहे. आज ती पिशवीत घालून चष्म्याच्या दुकानापर्यंत गेले. चष्मेवाल्याने मान वर करून, काय हवंय ताई, विचारलं. इतक्या आपुलकीने विचारलं की कात्री पिशवीतच राहिली. काही नको म्हणून परत फिरले आणि स्वतःला शिव्या घातल्या.

वाटेत तो खांब लागला. खांबावर हात ठेवला. भर उन्हात तो गार होता. मी हळूच पण स्पष्ट म्हटलं, माझ्या भावाला इथे कोणी ओळखलं नाही, तसं यांनाही कोणी ओळखू नये. त्याबदल्यात माझं काय हवं ते घे.

कोणाला म्हटलं, मलाही माहीत नाही. पण म्हटल्यावर रात्री घास गोड लागला.

१४ नोव्हेंबर

सकाळी चष्मेवाला दुकान उघडायला आला. शेजारच्या पेपरवाल्याने त्याला हटकलं, कोण तुम्ही, या कुलपाला हात का लावताय. तो हसला, चेष्टा वाटली त्याला. पेपरवाल्याने शिट्टी काढली.

मी खिडकीतून सगळं पाहिलं. तो दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून ओरडत होता, अहो, मी इथलाच आहे. काकूंनी झाडूचा दांडा मारला. एकच. रांगेत उभं राहिल्यासारखे सगळे पुढे येत होते आणि मागे होत होते. त्याची बायको आली, खाली पडलेल्या चेहऱ्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली की हा कोण ते तिला माहीत नाही. संध्याकाळी ती दारोदार नवऱ्याची चौकशी करत होती.

माझं काळीज थंड झालं. लिहिताना लाज वाटत नाही.

१७ नोव्हेंबर

काल पेपरवाला. आज तळमजल्यावरचा शिंपी, जो परवा माझ्याकडून बॉबिन मागून घेऊन गेला होता. दोघेही तेच म्हणत होते, जे धाकटा म्हणाला होता.

दुपारी फोन आला. एक बाई रडत म्हणाली, सोड ते सगळं, मी तुला न्यायला येते. मी विचारलं, कोण बोलतंय.

आई होती. माझं लक्ष नव्हतं, इतकंच.

१९ नोव्हेंबर

आज काकूंवर पाळी आली. खाली शिट्ट्या सुरू झाल्या तशा त्या जिना चढून आल्या आणि माझं दार बडवायला लागल्या. मी काकू, मी वरच राहते, दार उघड गं. मी त्यांना ओळखलं होतं. चांगलं ओळखलं होतं.

दाराला तोंड लावून सावकाश म्हटलं, "असं कोणीही म्हणेल."

मग जिन्यावर पावलं आली.

२० नोव्हेंबर

उशीखाली एका मुलाचा फोटो सापडला. दात जरा पुढे, हसतोय. कोण ते आठवेना. मागे लिहिलंय, धाकटा. अक्षर माझं आहे.

राग मात्र आहे तसाच आहे. फक्त कोणासाठी, ते —

२१ नोव्हेंबर

दुपार. दार वाजतंय. भोकातून पाहिलं. एक म्हातारी. या गल्लीतली नाही. कधी पाहिली नाही.

डोळे पुसायला तिने हात वर केला. हिरवा स्वेटर. कोपराला निळं ठिगळ — टाका माझ्या हातचा. तो आईचा स्वेटर आहे. हिच्या अंगावर कसा — हिने आईला काय केलं —

माझं लहानपणचं नाव घेतेय. ते हिला कोणी सांगितलं

शिट्टी खिळ्यावर नाही. माझ्या हातात आहे, ओली. खाली दारं उघडतायत. मी वाजवली का

म्हणतेय, बाळा, मी आई. मी आई गं.

असं कोणीही म्ह