अंजिराच्या पोटाची माफी मी मागणार नाही

प्रिय वाल्बुर्गाताई,

तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींना आंबवलेल्या कोबीने अजून त्रास होतो का? (होत असेल तर तुझ्या पद्धतीने करू नकोस, आईच्या पद्धतीने कर.) मी ठणठणीत आहे. संताप सोडला तर बाकी काही तक्रार नाही.

आता नीट ऐक. यंदाही नाताळच्या बाजारात आपलं दुकान आजोबांच्याच जागी, कारंज्यासमोर लागलं. पण शेजारी त्या फाइट नावाच्या पोराने गरम वाइनचा हंडा मांडला आणि लवंग-दालचिनीची वाफ दिवसभर माझ्या सुक्या आलुबुखाऱ्याच्या बाहुल्यांवर! म्हटलं, "मेल्या, हंडा तिकडे सरकव." तर म्हणतो, "मावशी, फुकटचा शेक मिळतोय, घ्या की!" बाहुल्यांचे हातपाय कसेबसे टिकले, पण त्यांच्यातल्या उंच टोपीवाल्या शेठजीचं पोट सुक्या अंजिराचं. ते वाफेने टम्म फुगलं. जाकिटाचं बटण उडालं, पाय फाकले, अक्रोडाचं डोकं मागे कललं. गेल्या शनिवारी सकाळी पाहते तो काय, बाजार समितीचे अध्यक्ष ड्योलिंगर साक्षात उभे! (मी मुद्दाम केलं नाही. केलं असतं तर नाक आणखी मोठं केलं असतं.)

काढून ठेवायचा होता, असं तू म्हणशील. का म्हणून? माझा माल, माझी फळी. तेवढ्यात नेमकी ड्योलिंगरबाई आली आणि ओरडली, "अगं बाई, हे तर आमचेच!" लगेच विकत घेतला. वर म्हणते, "घरच्यापेक्षा हे बरे, बोलत तरी नाहीत." घरचे मागेच उभे होते, हातात सॉसेज घेऊन. सगळी रांग खो खो हसली, फाइट तर पळी टाकून खालीच बसला. ड्योलिंगर लालेलाल. "गेर्लिंडबाई, हा समितीचा अपमान आहे!" मी म्हटलं, "समितीला पोट असतं हे मला ठाऊक नव्हतं."

झालं! येत्या सोमवारपर्यंत लेखी माफी द्यायची, नाहीतर माझं दुकान चर्चच्या मागे, शौचालयाला खेटून. आणि आपली जागा प्लास्टिकच्या चांदण्या विकणाऱ्याला. ताई, त्या जागेवर आईने आपल्याला मांडीवर घेऊन आलुबुखारे तारेत ओवायला शिकवलं गं. पण माफी? अंजीर फुगलं त्याची? नाकाला रुमाल बांधून शौचालयापाशी बसेन, पण त्या माणसापुढे मान तुकवणार नाही. उलट आज उरलेले सगळे शेठजी मी हंड्याच्या आणखी जवळ मांडलेत. मस्त फुगतायत.

तुझी,
(कोणाच्याही बापाला न भिणारी) गेर्लिंड

ता. क. भाऊजींसाठी आल्याची बिस्किटं पाठवली आहेत. कॉफीत बुडवून खायला सांग, दात त्यांचे स्वतःचे राहिलेले नाहीत.

ता. क. आणखी एक. तुझं अक्षर हुबेहूब माझ्यासारखं, आणि गोड लिहिणं तुलाच जमतं. तेव्हा एक माफीपत्र माझ्या नावाने लिहून परस्पर ड्योलिंगरना पाठव. सोमवारच्या आत पोचू दे. चांगलं लोटांगण घालणारं असू दे, हात आखडू नकोस. मी मागणार नाही म्हटलंय, तू मागणार नाहीस असं कुठे म्हटलंय?

ता. क. आणि हे शेवटचं. काय लिहिलंस ते मला अजिबात कळवू नकोस. कळलं तर मी तडक जाऊन ते परत घेईन.