वखारीवरची खोली घरत मॅडमच्या कामाला

मी, खाली सही करणारा अय्यूब इस्माईल मुकादम, वय अडुसष्ट, धंदा लाकडाची वखार, मूळचा रोह्याचा, हल्ली राहणार रामवाडी, पेण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कुणाचा दाब नाही. पत्नी रिझवाना अल्लाला प्यारी झाली, नाहीतर हे सारे तिने माझ्यापेक्षा नीट सांगितले असते.

१. आमच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राने मिळकतीचा तिसरा हिस्सा देता येतो, तोही वारस नसलेल्याला. बाकीचे माझा मुलगा आकिब व मुलगी झोया यांना ठरलेल्या हिश्श्याने जाईल. रोह्याचे घर मी हयातीतच झोयाला बक्षीस दिले असून ताबाही दिला आहे. त्यावर कुणी हक्क सांगू नये.

२. माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून रामवाडीच्या वखारीवरची मोठी खोली, बाहेरच्या जिन्यासह, डॉ. प्रणिता घरत यांच्या बालविकास केंद्राला द्यावी. मॅडम असेतोवर त्यांच्याकडे, पुढे जे कुणी हेच काम करतील त्यांच्याकडे. गोदाम किंवा क्लास म्हणून ती भाड्याने देता येणार नाही.

पुढे कुणी म्हणेल की म्हाताऱ्याला भुलवले, म्हणून कारण लिहून ठेवतो.

घरत मॅडम इथल्याच. त्यांचे आईवडील खाडीकाठच्या मिठागरात राबले. मुंबईला बालमानसशास्त्र शिकून त्या परत आल्या आणि माझ्याकडे जागा बघायला आल्या. वखारीच्या आवाजात मुलांची परीक्षा कशी घेणार, असे मी विचारले. परीक्षा नाही, फक्त बघायचे आहे, म्हणाल्या. खोलीत लाकडी आडभिंत घालून तिला एकाच बाजूने दिसणारी काच मीच बसवली.

पेण-रोह्याकडच्या आया आपली दोन-तीन वर्षांची मुले घेऊन येत. मूल खेळायला लागले की एक अनोळखी बाई खेळणे घेऊन आत येई. काही मुले धावत जाऊन खेळणे हिसकावत. काही आईच्या पदराआड जाऊन नुसती बघत. मॅडम काचेमागे बसून हे टिपत. हीच मुले त्यांनी शाळेत जाताना पुन्हा बोलावली, मग दहावीच्या आसपास, मग कामाधंद्याला लागल्यावर. कोण धाटावच्या कारखान्यात शिफ्टला, कोण कतारला. तरी बहुतेक येतात. इतकी वर्षे त्याच मुलांच्या मागे राहायचे, तेही पेणसारख्या गावात, हे मला आजही मोठे वाटते.

३. झोया त्यांच्या पहिल्या मुलांपैकी. घरात ती बडबड करी. उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की एक शब्द नाही. बालवाडीच्या बाईंनी तिला मुक्या मुलांच्या शाळेत घालायला सांगितले होते. मॅडमनी पहिल्या दिवशी तिला नाव विचारले, तेव्हा ती माझ्या लेंग्याला धरून मागे उभी होती. मीच नाव सांगून टाकले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अय्यूबभाई, मी तिला विचारलं. तिला वेळ हवाय, आणि माझ्याकडे वेळ आहे."

मग त्या तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या आणि वखारीतले तुकडे एकावर एक रचू लागल्या. झोया त्या दिवशी बोलली नाही. पुढच्या खेपेला तिने एक तुकडा उचलून दिला. नाव सांगितले ते पावसाळा उलटल्यावर, तेही मॅडमच्या कानात. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि खेळ पुढे चालू ठेवला. आम्हा दोघांना त्यांनी इतकेच सांगितले की तिला पुढे ढकलू नका आणि तिच्या वतीने बोलूही नका. रिझवानाला दुसरे फार जड गेले. पण तिने पाळले.

४. मॅडमबद्दल आणखी एक लिहिणे जरूर आहे. सुरुवातीला त्यांनी लिहिले होते की लाजरी मुले मोठेपणी मागे पडतील. दहा-बारा वर्षांनी रोह्याला पालकांची सभा भरवून त्यांनी स्वतः सांगितले की माझा तो अंदाज चुकला. स्वभाव फारसा बदलत नाही, म्हणाल्या, पण घरचे त्याच्याशी कसे वागतात त्यावरून त्याचे काय होते ते ठरते. जपून वागणारे मूल भित्रे होईल की विचारी, हे पुष्कळदा आपल्या हातात असते. त्याला दहा मित्र नकोत, एक पुरतो. भर सभेत आपले म्हणणे मागे घेणारी शिकलेली माणसे मी फार पाहिली नाहीत.

५. आता सहा वर्षांपूर्वीचे. माझे थोरले बंधू तौहीदभाई यांनी आपल्या मेहुण्याच्या कुवेतमधल्या मुलाचे स्थळ झोयासाठी आणले. झोया तेव्हा धाटावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकती लागली होती. मी विचारले तर "बघते" म्हणाली. पुढे भाभीने तिला विचारले आणि ती हो म्हणाल्याचे आम्हाला कळवले. रोह्यात हॉल घेतला, माणसे जमली. निकाहचे वकील, म्हणजे मुलीची संमती कळवणारे, दोन गवाह घेऊन तिच्या खोलीत कबुली विचारायला गेले. झोया गप्प. दुसऱ्यांदा विचारले, तरी गप्प. आमच्यात मुलगी गप्प राहिली तरी होकार धरतात.

भाभी म्हणाली, "लाजते पोर. गप म्हणजे व्हय. चला."

माणसे वळली. मी दारात होतो. मी त्यांना अडवले आणि म्हटले, "थांबा. तिला बोलू द्या."

मॅडम बायकांत उभ्या होत्या. त्या एक खुर्ची ओढून खाली बसल्या, जशी काही घाईच नाही. त्यांना बघून आणखी दोघी बसल्या. मग झोयाने मान वर केली.

"नाय. मना हा निकाह नको."

मोठ्याने नाही, पण दारापर्यंत ऐकू आले. भाभीला ती हो म्हणालीच नव्हती. नुसती मान खाली घालून बसली होती, हे मग कळले. मुलाच्या वडिलांनी मात्र पंगत उठू दिली नाही, सगळ्यांना जेवूनच जायला लावले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

तौहीदभाईंनी सगळ्यांदेखत मॅडमवर बोट रोखले आणि या बाईने पोरीला फितवली म्हणाले. मॅडमनी त्यांना उत्तर दिले, "काय बोलायचं ते मी तिला कधीच शिकवलं नाही. तिच्याआधी कुणी बोलू नये, एवढंच सांगत आले." त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलले नाहीत आणि मीही गेलो नाही.

झोया आजही कमी बोलते. कंपनीत तिच्या हाताखाली चार माणसे आहेत. लग्नाचे तिला कुणी विचारत बसू नये. करायचे असेल तर ती सांगेल.

६. रंधे, पटाशा, करवती आणि मोठे यंत्र प्रविणला द्यावे. माझ्याकडे कामाला लागल्यापासून त्याने एक फळी वाकडी कापली नाही. यंत्र कुरकुरते, तेल त्याने स्वतः घालावे, दुसऱ्याला सांगू नये.

७. आकिबला घड्याळ. तो वारस असला तरी झोयाची याला संमती आहे. तो लहानपणी धावत जाऊन खेळणे हिसकावणाऱ्यांतला. अशा मुलांना अडवण्यापेक्षा काम द्या, असे मॅडम सांगत. तो आज बहरीनला चाळीस माणसे सांभाळतो. खोली देण्याला त्याने फोनवर आनंदाने होकार दिला.

८. याआधी केलेल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की तौहीदभाईंनी माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये. ते कलम रद्द समजावे. गेल्या रमजाननंतर ते काठी टेकत वखारीचा जिना एकटेच चढले. त्यांचा पाच वर्षांचा नातू शाळेत सगळ्यांना मारतो, म्हणून शाळेने काढून न्यायला सांगितले होते. मॅडमनी त्यांना पाणी दिले, बसवले आणि मुलाला उद्याच घेऊन या म्हणाल्या. मागचे काही काढले नाही. नातू आता आठवड्यातून दोनदा येतो. तो आत असतो तेवढा वेळ तौहीदभाई खाली माझ्या फळ्यांवर बसतात. पहिल्या दिवशी आम्ही बोललो नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी सागाचा भाव विचारला. आता प्रविण दोघांचा चहा एकदमच आणतो.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले, आठवे कलम धरून. त्यानंतर सही केली.

ठिकाण: रामवाडी, पेण, जिल्हा रायगड
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) अय्यूब इस्माईल मुकादम

साक्षीदार:

१. (सही) भूमिका नरेश पाटील, शिक्षिका, राहणार खांब, ता. रोहा. मॅडमच्या पहिल्या मुलांपैकी.

२. (सही) तौहीद इस्माईल मुकादम, राहणार रोहा. लिहून देणाऱ्याचा थोरला भाऊ.