गुडघ्यातलं ठिगळ

३ नोव्हेंबर, श्रीवर्धन

आले एकदाची! खोली सुपारीच्या वाडीत, काम चालत जाण्याच्या अंतरावर आणि एमआरआयचं यंत्र कोरं करकरीत. सगळी गुणाजीदादांची कृपा. मे महिन्यात मुंबईच्या इस्पितळात आमच्या खाटा शेजारी होत्या. एकाच दिवशी ऑपरेशनं झाली. गुडघ्यातली कूर्चा जिथे फाटली होती तिथे दात्याच्या कूर्चेचं ठिगळ लावलं. मी जिन्यावरून घसरले होते, ते सुपारीच्या झाडावरून. इथल्या सेंटरला टेक्निशियन हवी आहे हे त्यांनीच सांगितलं, वर मागची खोलीही दिली. त्यांच्या बायकोने, नीरावहिनींनी, आल्या आल्या विचारलं, म्याडम म्हावरं खाता ना? हो, मासे खाते म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

९ नोव्हेंबर

दादांचा सहामाही स्कॅन आज मीच केला. ठिगळ बाजूच्या कूर्चेशी जुळलंय का, खाली पोकळी राहिली नाही ना, हे पाहायचं असतं. जुळलंय मस्त. पण एक विचित्र दिसलं. पेशंट हलला की सगळंच चित्र पुसट येतं. इथे हाड, स्नायू लख्ख, ठिगळ तेवढं पुसट. तरी तुम्ही हललात का, असं विचारल्यावर दादा उखडले. डॉक्टरांनी झाडावर चढायला बंदी केल्यापासून ते तसेही नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन बसलेले असतात. मुंबईचे डॉक्टर फोनवर म्हणाले, यंत्र तपासा.

१४ नोव्हेंबर

यंत्र तपासायचं तर आम्ही टेक्निशियन लोक स्वतःच आत झोपतो, ही आमची जुनी खोड. किशोरीला, म्हणजे सेंटरवरच्या माझ्या जोडीदारणीला, बाहेर बसवलं आणि माझा डावा गुडघा आत घातला.

माझंही ठिगळ पुसट. बाकी सगळं लख्ख. आणि ते वाढलंय. मे महिन्यात नखाएवढं होतं, आता अर्ध्या गुडघ्यावर पसरलंय. मी हलले नव्हते, देवाशपथ.

इस्पितळात फोन केला. दोन्ही ठिगळं एकाच दात्याची. तो झाडावरून पडून वारला, एवढंच सांगितलं. काढून टाका म्हटलं तर डॉक्टर हसले, इतकं छान जुळलेलं कोण काढतं म्हणाले. मला भीती वाटतेय.

१८ नोव्हेंबर

भर दुपारी वहिनींची किंकाळी. दादा सुपारीच्या शेंड्यावर, पायात दोरी नाही, काही नाही. रडत होते. वरून ओरडत होते, “मी न्हाय चढलो गं! ह्या पायानं नेलं!” उतरायला बघत होते, गुडघा खोड सोडत नव्हता. वाडीतले चौघे शेजारच्या झाडांवरून वर गेले. सोडवताना हाड मोडलं. मोडलेला पाय तरी खोडालाच —

मला वाडीत पाहवेना. आत आले. माझा डावा पाय उंबऱ्यावरच राहिला. हातांनी उचलून आत घेतला.

२० नोव्हेंबर

दादांचा पाय मुंबईत कापला. वहिनी परत आल्या. माझ्या गुडघ्याकडे बघतात.

मला पाय हवाय. पाय नाही तर निदान मी तरी वाचायला हवी. डॉक्टर आता हसत नाहीत. उद्या दुपारी या, ठिगळ काढू म्हणाले. फक्त मुंबईपर्यंत पोचायचंय. पाय पलंगाला बांधलाय.

२१ नोव्हेंबर, सकाळ

ओटीवर बसलेय. रिक्षा बोलावलीय. वाडीकडे पाठ केली, तरी गुडघा वळतोय — आपोआप —

लिहीत राहिले की हात तरी माझा —

रिक्षा आली. उठले. पायाने ओटीचा खांब धरला. मी नाही धरला. सुटत नाही. वहिनींना हाक मारली. त्या धावत आल्या, कमरेला मिठी मारून ओढताहेत —

आता घोट्याला धरलंय त्यांनी. म्हणजे मी वर —

वहिनी, सोडू नका, वहिनी, सोडू न