मातीचे डोहाळे

३ फेब्रुवारी, आटपाडी

आले बाई एकदाची! वाईच्या माहेराहून इथवर येताना पाठीचा पार भुगा झाला. पण खोली झकास आहे आणि प्रयोगशाळा खालच्याच मजल्यावर. सातवा लागलाय. निमिषचा, म्हणजे नवरोबांचा, पुण्याहून धोशा चालूच, की बाळंतपण होऊ दे, मग नोकरी धर. दोनदा अर्ध्यावर गेलं, ते घरात पडून राहूनच ना? या खेपेला बाळाचं तोंड बघणारच मी.

५ फेब्रुवारी

काम मजेचं आहे. डाळिंबाच्या मुळांना चांगले असणारे जिवाणू वाढवायचे आणि मग त्यांचं खाणं तोडायचं. उपासमार झाली की एका पेशीच्या दोन होतात आणि मोठी लहानीला पोटात घेते. दोघींमध्ये चिमुकली नळी असते. आतली निरोप धाडते, माझं झालं, आता तू कर. बाहेरची मुकाट तिच्याभोवती कवच चढवते. शेवटी बाहेरची फुटते. आतलीचा झालेला बीजाणू वर्षानुवर्षं मातीत झोपून टिकतो आणि दिवस बरे आले की पुन्हा जागा होतो. लिहिता लिहिता पोटावर हात गेला. वेडीच मी!

१२ फेब्रुवारी

दोन दिवस माती खावीशी वाटतेय. झाडलोटीला येणाऱ्या हरणाबाईंनी बरोबर ओळखलं. म्हणाल्या, डोहाळं आईचं नसत्यात, आतल्याचं असत्यात, मोडू न्हाईत. आज त्यांनी पदरातून माती आणली. मी हावरटासारखी संपवली. मग विचारलं, कुठली? तर म्हणाल्या, फाशी रोगानं मेलेली मेंढरं चुना घालून पुरली हुती, त्या खड्ड्यातली.

फाशी म्हणजे अँथ्रॅक्स, त्याचेही बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात! मी किंचाळलेच. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, आवं ताई, जागा तुमीच तर सांगितली.

मी तिकडे कधी गेलेलीच नाही.

१५ फेब्रुवारी

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. रोगाचा मागमूस नाही. बाळ छान. माझं वजन मात्र चार किलोनं उतरलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवता ना? चार वेळा जेवते हो!

२१ फेब्रुवारी

निरोप येतात. शब्द नसतात, पण कळतं. चुना. मीठ. मग आणखी माती. मी देते. नाही दिलं तर आत घट्ट आवळल्यासारखं होतं.

बाळ लाथा मारत नाही. पोट दगडासारखं टणक. ठोके खणखणीत आहेत म्हणे. मग मला का भीती वाटते?

२४ फेब्रुवारी

निमिषला ये म्हणून फोन लावला. तो हॅलो म्हणाला आणि मी म्हटलं, सगळं मजेत. हे मी बोललेच नाही — माझ्या तोंडून —

२६ फेब्रुवारी

भूक गेली. केस हातात येतात. हरणाबाई रडल्या. माज्या हातानं दिली वो माती, म्हणून कपाळ बडवत होत्या.

२८ फेब्रुवारी

आज मीच निरोप धाडला. सगळं घे, फक्त एकदा तुझं तोंड बघू दे.

उत्तर आलं. इतक्यात जन्मायचं नाहीये त्याला. इथली माणसं, गुरं — सगळं संपून जाऊ दे, मग पाऊस बघून — तोवर खड्ड्यात —

बेंबीपाशी उकलतंय. दुखत नाही. आत पांढरं, टणक कवच दिसतंय.

हरणाबाई दारात आहेत. हातात कुदळ. मी बोलावलं म्हणतात. मी नाही — हरणाबाई, पुरा, हवं तर पुरा, पण आधी ते कवच फोडून मला एकदा त्याचं